घसरगुंडीखालची जमीन

गेल्या पावसाळ्याच्या आरंभींची गोष्ट. भाचीच्या मुलीला शाळेंतून घरीं आणण्याचें काम त्या दिवशीं माझ्याकडे आलें होतें. शाळा सुटायला थोडा अवकाश होता, म्हणून पटांगणाच्या कडेला निंबाखालीं उभा राहिलों. समोर एक लोखंडी घसरगुंडी होती, दोन झोपाळे होते आणि एक सीसॉ होता. घसरगुंडीच्या शिडीची वरून दुसरी पायरी एका बाजूनें निखळली होती. मुलें ती पायरी नेमकी टाळून वर चढत होतीं. यावरून ती मोडल्याला बरेच दिवस झाले असावेत हें उघड होतें. आणि घसरगुंडी जेथें संपते तेथें, पावसांत चिखल होऊं नये म्हणून, सिमेंटची गुळगुळीत फरसबंदी केलेली होती. शाळेच्या वयस्क शिपायाला मीं त्या पायरीविषयीं विचारलें. तो म्हणाला, "दिवाळीनंतरच सांगितलंय, साहेब. पण तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय?" शेजारीं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनीं आम्हां दोघांचेंही समाधान केलें. ते म्हणाले, "अहो, खेळताना लागायचंच. आपण काय लहानपणी पडलो नाही?"

माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय या दोन उत्तरांत सांठवलेला आहे. खेळाच्या साधनानें मुलाला इजा होते, ती दैवाची गोष्ट कीं माणसाच्या निष्काळजीपणाची? आणि निष्काळजीपणाची असेल, तर ती कोणी, कोणाला व कशी सांगावी? हा प्रश्न आपल्याला आपल्या गल्लींतला वाटतो. परंतु त्याला शतकाहून मोठा इतिहास आहे, आणि तो बहुतांशीं आपल्यापासून दूरच्या देशांत घडलेला आहे. तोच आज थोडक्यांत सांगावा असा विचार आहे.

मुलांचा खेळ मनुष्यजातीइतकाच जुना. परंतु मुलांनीं खेळावें म्हणून मोठ्या माणसांनीं मुद्दाम साधनें उभारावीं ही रीत दोन-सव्वादोनशें वर्षांपलीकडे फारशी जात नाहीं. १८११ सालीं बर्लिन शहराबाहेर हाझेनहाइडे येथें फ्रीड्रिख लुडविग यान नांवाच्या शिक्षकानें उघड्या मैदानावर एक आखाडा घातला. चढण्याच्या शिड्या, दोर, आडवी दांडी, समांतर दांड्या हीं साधनें त्यानें तेथें तरुणांपुढें ठेवलीं. नेपोलियननें प्रशियाचा पराभव केला होता. पराभूत देशाचीं मुलें कणखर व्हावींत हा त्यामागचा हेतु. पुढें प्रशियाच्या सरकारला या आखाड्यांत राजकारणाचा वास येऊं लागला आणि १८२० सालीं त्यांच्यावर बंदी आली. ती १८४२ पर्यंत टिकली. त्या बंदीचें कारण मुलांचे हातपाय मोडतात हें नव्हतें; तरुणांचीं मनें ताठ होतात ही सरकारची तक्रार होती! याच सुमारास, १८३७ सालीं, फ्रीड्रिख फ्रॉबेलनें लहान मुलांसाठीं आपली शाळा काढली व १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, असें नांव दिलें. एकाच्या आखाड्यांत लाकूड आणि दोर होते. दुसऱ्याच्या बागेंत चेंडू, ठोकळे आणि माती होती. आजचें शाळेचें क्रीडांगण हें या दोन घराण्यांचें अपत्य आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

शहरांतल्या गरीब मुलांसाठीं क्रीडांगण ही कल्पना अमेरिकेंत रुजली ती मात्र एका वाळूच्या ढिगाऱ्यापासून. मेरी झाक्रेव्स्का या बर्लिनमध्यें जन्मलेल्या व बोस्टनमध्यें स्त्रियांचें रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरीणबाई. बर्लिनच्या सार्वजनिक बागांत मुलांना खेळण्यासाठीं वाळूचे ढीग टाकलेले असतात हें त्यांनीं बोस्टनच्या आपल्या परिचितांना कळविलें. त्यावरून १८८५ च्या सुमारास तेथील एका स्त्रियांच्या पुढाकारानें चाललेल्या आरोग्यसंस्थेनें पार्मेंटर स्ट्रीटवरील एका प्रार्थनामंदिराच्या अंगणांत वाळूचा ढीग ओतला. वस्ती परदेशांतून आलेल्या मजूरकुटुंबांची, घरें कोंदट, मुलांना खेळायला रस्ता हेंच अंगण. तीं मुलें त्या वाळूवर तुटून पडलीं. शेजारपाजारच्या बायका आळीपाळीनें लक्ष ठेवीत. वाळू आणि लक्ष ठेवणारें माणूस, एवढ्यावर हें पहिलें क्रीडांगण चाललें. या दोन्ही गोष्टी आपण ध्यानांत ठेवाव्या. कारण पुढें जवळजवळ शंभर वर्षें त्यांचाच विसर पडणार आहे.

१८८९ सालीं बोस्टनमध्येंच चार्ल्स नदीच्या कांठीं साधनांनीं युक्त अशी उघडी व्यायामशाळा निघाली. १९०३ सालीं न्यूयॉर्कच्या सुअर्ड पार्कमध्यें नगरपालिकेनें स्वतःचें कायमचें क्रीडांगण बांधलें. १९०६ सालीं अमेरिकेची राष्ट्रीय क्रीडांगण संस्था स्थापन झाली. काळ लोखंडाचा होता. नळ वांकवून, सांखळ्या ओवून वाटेल तेवढें उंच साधन कारखान्यांत तयार करतां येत होतें, आणि साधन जितकें उंच तितकें शहराचें वैभव मोठें अशी समजूत होती. त्या काळच्या छायाचित्रांत दोन-तीन मजली घराइतक्या सांगाड्यांवर मुलें ओळीनें बसलेलीं दिसतात. एक साधन तर असें होतें कीं मधोमध उंच खांब, त्याच्या टोंकाला फिरतें चाक आणि चाकापासून लोंबणाऱ्या सांखळ्या. मुलांनीं सांखळ्या धरून गोल धांवावयाचें व वेग आला कीं पाय उचलून हवेंत तरंगावयाचें. हात सुटलेला मुलगा दूर फेंकला जाई आणि रिकामी झालेली सांखळी मागून येणाऱ्याच्या डोक्यावर आदळे. कालांतरानें हें साधन क्रीडांगणांवरून नाहींसें झालें.

मात्र त्या पिढीला दोष देतांना न्याय सोडूं नये. तिच्यांत मुलांविषयीं खरी माया असलेलीं माणसें होतीं. इंग्लंडांत केटरिंग येथें चार्ल्स विकस्टीड या कारखानदारानें १९२१ सालीं स्वतःच्या पैशानें मोठें उद्यान खुलें केलें. मुलांच्या एका मेळाव्यासाठीं तेथें वांसे बांधून तात्पुरते झोपाळे टांगले होते. ते काढावयाचे राहून गेले आणि त्यांच्यावर मुलांची झुंबड उडालेली पाहून विकस्टीडनें आपल्या कारखान्यांत झोपाळे व घसरगुंड्या बनविण्यास आरंभ केला. अमेरिकेंत विनेट्का या गांवीं सेबॅस्टियन हिंटन यानें १९२० च्या सुमारास जंगल जिम काढला. त्याचे वडील गणिती होते. त्यांनीं आपल्या मुलांना चौथ्या मितीची कल्पना यावी म्हणून बांबूचा सांगाडा बांधून दिला होता. मुलांना चौथी मिति कितपत समजली हें सांगवत नाहीं; पण सांगाड्यावर माकडासारखें चढणें मात्र त्यांना फार आवडलें, आणि त्या आठवणीतूनच आज जगभर दिसणारा तो लोखंडी पिंजरा जन्मास आला.

आतां जमिनीकडे वळूं. शहरांतील क्रीडांगणें वाढलीं तशी मातीची अडचण वाटूं लागली. पावसांत चिखल, उन्हांत धूळ, आणि झाडलोट करावयास माणसें थोडीं. न्यूयॉर्कमध्यें रॉबर्ट मोझेस १९३४ सालीं उद्यानांचा प्रमुख झाला तेव्हां शहरांत ११९ क्रीडांगणें होतीं. तो १९६० सालीं गेला तेव्हां ती संख्या ७७७ वर गेली होती. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु यांपैकीं पुष्कळांचा सांचा एकच: पोलादी साधनें, त्यांच्याखालीं डांबर, आणि भोंवतीं जाळीचें कुंपण. झाडलोटीला सोयीचें, टिकायला भक्कम; आणि पडणाऱ्या मुलाला अत्यंत निर्दय.

हा निर्दयपणा कसला, तें नीट समजून घेतलें पाहिजे. पांच फुटांवरून पडलेलें मूल जमिनीला टेंकतें तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर असतो. दहा फुटांवरून पडलें तर सुमारें २८. म्हणजे उंची अर्धी केली तरी वेग कांहीं अर्धा होत नाहीं. खरा फरक पडतो तो हा वेग किती अंतरांत शून्यावर येतो यानें. फरशीवर तें अंतर नांवापुरतें. सारा आघात कवटीनें किंवा मनगटानें सोसावयाचा. मोकळ्या वाळूंत तेंच अंतर कांहीं इंचांचें होतें. अंतर दसपट झालें तर आघाताचा सरासरी जोर दहावा हिस्सा उरतो. आपण झेल घेतांना हात मागें नेतों, त्यांतलें मर्म हेंच. जी गोष्ट क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कळते, ती क्रीडांगण बांधणाऱ्या अभियंत्यांना कळत नव्हती असें नाहीं. परंतु जमिनीचा हिशेब स्वच्छतेच्या खात्यांत होत होता, मुलांच्या खात्यांत होत नव्हता.

मग कोणी तक्रार केली नाहीं काय? केली, आणि न्यायालयापर्यंत नेली. अमेरिकेच्या वायव्य टोंकाला वॉशिंग्टन नांवाचें राज्य आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तेथें शाळेच्या पटांगणांत जखमी झालेल्या मुलांच्या वतीनें शाळामंडळांवर दावे होऊं लागले. न्यायाधीश शाळामंडळांना निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरूं लागले, तेव्हां शाळांची त्रेधा उडाली. आतां कोणालाही वाटेल कीं त्या राज्यानें साधनें तपासण्याचा कायदा केला असेल. तसें झालें नाहीं. १९१७ सालीं विधिमंडळानें असा कायदा केला कीं क्रीडांगण, व्यायामाचीं साधनें व हस्तव्यवसायाचीं यंत्रें यांच्या संबंधांत झालेल्या इजेबद्दल शाळामंडळावर दावाच लावतां येऊं नये! मोडकी पायरी दुरुस्त करण्याऐवजीं तक्रारीचें दारच बंद करून टाकलें. हा कायदा १९६७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, जिवंत होता. त्या पन्नास वर्षांत पडलेल्या मुलांच्या पालकांना पटांगणांतल्या त्या गृहस्थांचेंच उत्तर मिळालें असणार: खेळतांना लागायचंच.

याच काळांत एक अगदीं वेगळा विचार युरोपच्या एका कोपऱ्यांत उगवला. डेन्मार्कमध्यें सी. थ. सोरेनसन हा बागा आंखणारा कलावंत होता. त्यानें पाहिलें कीं आपण आंखलेल्या सुबक क्रीडांगणांपेक्षां इमारतींच्या पडक्या सामानांत मुलें अधिक रमतात. १९४३ सालीं, देश जर्मन सैन्याच्या टांचेखालीं असतांना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथें टाकाऊ फळ्या, विटा, दोर आणि माती यांचें एक क्रीडांगण उघडण्यांत आलें. मुलांनीं खणावें, बांधावें, मोडावें. आणि जवळ एक जाणतें माणूस असावें. युद्धानंतर १९४६ सालीं इंग्लंडच्या लेडी अ‍ॅलन यांनीं तें पाहिलें आणि बाँबनें उध्वस्त झालेल्या आपल्या शहरांतील मोकळ्या जागांवर तशींच क्रीडांगणें व्हावींत म्हणून लेख लिहून चळवळ उभारली. वरवर पाहतां खिळे आणि फळ्या यांच्या ढिगाऱ्याइतकें धोक्याचें दुसरें काय असणार? परंतु त्यांत एक सूक्ष्म भेद होता. खिळा दिसतो, तो टोंचेल हें मुलाला कळतें, आणि कळल्यावर तें सावध होतें. निखळलेला बोल्ट, आंतून गंजलेली सांखळी, डोकें अडकेल इतकेंच रुंद भोंक, हीं मुलाला दिसत नाहींत आणि दिसलीं तरी त्यांचा अर्थ त्याला लागत नाहीं. पहिल्या प्रकारांत साहस आहे, दुसऱ्यांत फसवणूक आहे. साहस मुलाचा हक्क होय. फसवणुकीची जबाबदारी मोठ्यांची होय. या सर्व इतिहासांतून घ्यावयाचा धडा एकच असेल तर तो हा.

आतां येतों १९७४ सालाकडे. अमेरिकेंत ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता पाहणारा सरकारी आयोग नुकताच कामास लागला होता. त्या वर्षीं त्याच्याकडे क्रीडांगणाच्या साधनांविषयीं अर्ज आले. एक एलेन बटविनिक यांचा. दुसरा ओहायो राज्यांतील क्लीव्हलंडच्या थिओडोरा ब्रिग्ज स्वीनी यांचा. दोघीही स्त्रिया, हातीं कोणतीही सत्ता नाहीं. बोस्टनच्या वाळूच्या ढिगामागेंही स्त्रियाच होत्या हें येथें आठवतें. त्यांची मागणी अशी कीं या साधनांना बंधनकारक नियम लावावेत. मागणी मान्य झाली, पण वाट लांबली. करमणूक व उद्यानें यांच्या राष्ट्रीय संस्थेनें १९७६ सालीं नियमांचा मसुदा केला. पुढें सरकारी प्रयोगशाळेंत संशोधन झालें. आणि अखेर १९८१ सालीं आयोगानें नियम न करतां मार्गदर्शक पुस्तिका काढली, बंधन कोणावरच नाहीं. स्वीनीबाई तोंवर स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९७९ सालीं त्यांनीं बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत लेख लिहून हा विषय वैद्यांच्या दारांत नेला. बंधनकारक कायदा त्यांना मिळाला नाहीं हें खरें. पण त्या पुस्तिकेनें एक गोष्ट केली: आजवर जी "दैवाची" म्हणून सोडून दिली जात होती, ती इंचांत मोजतां येते हें दाखवून दिलें.

हीं मापें श्रोत्यांनीं ऐकावींत अशीं आहेत. १९९९ सालीं अमेरिकेच्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत क्रीडांगणाच्या साधनांवर झालेल्या इजांचीं सुमारें २ लाख ५ हजार प्रकरणें आलीं असा आयोगाचा अंदाज होता. आणि सार्वजनिक साधनांवरील इजांपैकीं पांचांतल्या जवळजवळ चार पडण्यामुळें झालेल्या होत्या. म्हणून पहिला नियम जमिनीचा. डांबर, सिमेंट, दाबलेली माती, इतकेंच नव्हे तर साधें गवतसुद्धां साधनाखालीं पुरेसें मानलें जात नाहीं. ९ इंच जाडीची वाळू ४ फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळते; तितक्याच जाडीचे लाकडाचे तुकडे १० फुटांपर्यंत सांभाळतात. आणि ही वाळू दाबली जाते, पावसांत घट्ट होते, मुलांच्या पायांनीं उधळते. म्हणून ती वारंवार मोकळी करून पुन्हां भरावी लागते. दुसरा नियम मोकळ्या जागेचा: साधनाच्या चहूंकडे ६ फूट जागा रिकामी हवी, झोपाळ्याच्या पुढें व मागें तर तो जेथें टांगला आहे त्या उंचीच्या दुप्पट. तिसरा नियम फटींचा: कठड्यांतील वा पायऱ्यांमधील फट ३॥ इंचांहून मोठी व ९ इंचांहून लहान असूं नये, कारण अशा फटींतून लहान मुलाचें अंग पार जातें आणि डोकें अडकतें. चौथा दोऱ्यांचा: टोपीच्या नाड्या घसरगुंडीच्या माथ्याशीं अडकून फांस बसल्याच्या घटना घडल्यानें १९९६ सालीं मुलांच्या कपड्यांतील अशा नाड्यांविषयीं त्या आयोगाला वेगळी सूचना काढावी लागली. आपल्याकडे टोपीची नाडी नसेल. पण गळ्यांतल्या ओळखपत्राची दोरी, पाण्याच्या बाटलीचा पट्टा आणि ओढणी आहेच. आणि आपल्या उन्हाळ्याच्या देशांत आणखी एक नियम आवर्जून सांगितला पाहिजे: दुपारच्या उन्हांत तापलेला घसरगुंडीचा उघडा पत्रा लहान मुलाची कातडी भाजण्यास पुरेसा असतो.

पुस्तिका आली, तरी लोकांचे डोळे उघडले ते एका दुर्घटनेनें. १९७८ सालीं शिकागोच्या एका बागेंतील १२ फूट उंच घसरगुंडीवर एक चिमुकलें मूल चढलें. माथ्यावरच्या कठड्याच्या फटींतून तें खालीं डांबरावर पडलें आणि डोक्याला झालेली इजा जन्माची होऊन बसली. १९८५ सालीं शहराच्या उद्यानमंडळानें तडजोड करून त्याच्या कुटुंबाला किमान ९५ लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. मग मात्र सर्वत्र धांवाधांव झाली. १९१७ सालीं तक्रारीचें दार बंद करणारा समाज आतां दुसऱ्या टोंकाला गेला. उंच साधनें उपटलीं गेलीं; अनेक ठिकाणीं झोपाळेही गेले; उरलें तें इतकें बुटकें आणि गुळगुळीत कीं आठ वर्षांचीं मुलें त्याकडे ढुंकूनही पाहीनात. खेळ नीरस झाला कीं मुलें घसरगुंडीच्या छपरावर चढतात, किंवा घरीं बसतात. इंग्लंडांत तर १९१७ च्या उलट चूक होऊं नये म्हणून खुद्द सुरक्षिततेच्या सरकारी खात्यालाच २०१२ सालीं जाहीर करावें लागलें कीं मुलांच्या खेळांतील सर्व धोका नाहींसा करणें हें उद्दिष्टच नव्हे. लाभ आणि धोका यांचा तोल पाहावा. भीतीनें साधन काढून टाकणें आणि बेफिकिरीनें तें मोडकें ठेवणें, या दोन्हींत श्रम वांचतात ते मोठ्यांचे. किंमत मात्र मुलें देतात.

श्रोतेहो, हा सारा परदेशचा इतिहास ऐकून आपल्याला न्यूनता वाटण्याचें मुळींच कारण नाहीं. जें ज्ञान त्या लोकांना १९८१ सालीं पुस्तिकेंत लिहावें लागलें, तें आपल्या तालमींत पिढ्यान् पिढ्या नांदत आलें आहे. कुस्तीचा हौदा पाहा. माती चाळलेली, तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली. आणि जोर-बैठका होऊन कुस्त्या लागण्यापूर्वीं ती फावड्यानें उकरून मोकळी केलेली. ती उकरणें हाही व्यायामच मानीत, आणि वस्तादाची नजर असल्याशिवाय कोवळ्या पोराला कोणी हौद्यांत उतरवीत नसे. मल्लखांब ही तर आपल्या महाराष्ट्राची मिरास; दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं ती विद्या ऊर्जितावस्थेस आणली असें सांगतात. उंच खांबावर उलटा लटकणारा पोरगा हें साहस लहान नव्हे. पण खांबाखालीं कोणी फरशी घातल्याचें ऐकिवांत नाहीं. नागपंचमीचा झोका झाडाला बांधला कीं आधीं घरांतला दणकट माणूस त्यावर बसून दोर ओढून पाही, मग पोरीबाळींची पाळी. यानच्या आखाड्यांतील दांडी आणि विकस्टीडच्या कारखान्यांतील घसरगुंडी आपण शाळेंत आणली. हौद्याची माती आणि वस्तादाची नजर मात्र तालमींतच ठेवून आलों.

तक्रार करण्याचें साधन आपल्याजवळ नाहीं असेंही नाहीं. २००४ सालीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेला आग लागून नव्वदांहून अधिक मुलें दगावलीं. त्या दुःखांतून जें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें त्याचा निकाल देतांना २००९ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वर्षीं झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेला क्रीडांगण असलेंच पाहिजे असें ठरविलें, आणि विनाअनुदान शाळा वगळून इतर शाळांत व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें. तिच्यांत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. म्हणजे स्वीनीबाईंना जी खुर्ची मिळविण्यासाठीं वर्षानुवर्षें झगडावें लागलें, तशी खुर्ची आपल्याकडील पुष्कळशा शाळांत एखाद्या आईसाठीं कायद्यानें आधींच मांडून ठेवली आहे. ती रिकामी राहिली तर दोष कोणाचा?

इतिहासानें तक्रारीची रीतही शिकविली आहे. राग व्यक्त करणारी तक्रार विझते. माप सांगणारी टिकते. "घसरगुंडी धोक्याची आहे" या वाक्याला "लक्ष देऊं" एवढेंच उत्तर मिळतें. परंतु "घसरगुंडीची वरून दुसरी पायरी निखळली आहे, माथा जमिनीपासून ७ फूट आहे, खालीं सिमेंट आहे, अमुक दिवशीं आम्हीं तें पाहिलें" असें कागदावर लिहून, त्याची नक्कल जवळ ठेवून, पोंच घेऊन दिलें, कीं त्या कागदाला जीव येतो. त्यांत शाळेशीं वैर नाहीं. किंबहुना मुख्याध्यापकांनाही संस्थेकडे पैसे मागावयास असाच कागद लागतो. आणि तक्रारीबरोबर हेंही लिहावें कीं आम्हांला घसरगुंडी हवी आहे. ती काढूं नका, नीट करा. नाहींतर भ्यालेली शाळा साधनच उचलून भंगारांत घालील आणि मुलांचा खेळ बुडाल्याचें पाप तक्रार करणाराच्या माथीं बसेल.

आरंभीं सांगितलेल्या शाळेचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. त्या संध्याकाळीं भाचीनें आणि तिच्या दोन मैत्रिणींनीं मिळून एक अर्ज लिहिला. टेप घेऊन त्या दुसऱ्या दिवशीं पटांगणांत गेल्या, तेव्हां मोजावयास टोंक धरलें तें त्या शिपाईमामांनीं. आठवड्याच्या आंत पायरी जोडली गेली. सिमेंट मात्र अजून तसेंच आहे. तें फोडून वाळू टाकावयास खर्च आहे, आणि चिखल होईल ही जुनी हरकत आहेच. दुसरा अर्ज गेला आहे. तोंवर संध्याकाळीं मुलें खेळतात तेव्हां एक आई घसरगुंडीपाशीं उभी राहते. वार वांटून घेतले आहेत. बोस्टनच्या त्या अंगणांत वाळू आधीं आली आणि लक्ष ठेवणाऱ्या बायका मागून आल्या. येथें बायका आधीं आल्या आहेत. वाळूची वाट पाहणें चालू आहे.